अनुभव धागा : वर्गात नेमकं काय बदललं आणि मूल शिकायला लागलं?

तिसरीत असताना माझ्या मुलाने एका दुपारी 'सूर्य' हा शब्द अकरा वेळा लिहिला आणि अकराही वेळा रफार वेगळ्या जागी पडला. कधी 'सू'वर, कधी दोन्ही अक्षरांच्या मधे, एकदा तर खाली पायासारखा. दैनंदिनीत शेरा होता, 'लक्ष नाही, सराव घ्यावा.' सराव तर रोज दोन तास चालू होता. त्या दोन तासांत आम्ही दोघंही रडायचो, तो माझ्यासमोर आणि मी ओट्यापाशी.

वाचनअक्षमता हा शब्द तोपर्यंत मी ऐकलेला होता, पण तो इंग्रजी शाळेतल्या मुलांचा प्रश्न असतो अशी माझी समजूत होती. मराठी तर बोलतो तशी लिहितो, मग अडेल कुठे? आता कळतं की अडायला जागा भरपूर आहेत. 'कि'मधली वेलांटी आधी काढायची आणि म्हणायची मात्र नंतर. 'सूर्य'मधला र म्हणायचा य-च्या आधी आणि बसवायचा य-च्या डोक्यावर. भ आणि म, घ आणि ध यांच्यात केसाएवढा फरक. त्यात आकडे. 'त्रेसष्ट' ऐकलं की कानावर आधी तीन येतो, म्हणून हा ३६ लिहायचा. ३ आणि ६ एकमेकांच्या आरशात पाहिल्यासारखे, ते आणखी वेगळंच.

आठ वर्षं पूर्ण झाल्यावर सरकारी रुग्णालयातून तपासणी झाली, चार खेपा झाल्या, प्रमाणपत्र मिळालं. पण त्या कागदाने तो वाचायला लागला नाही. फरक पडला चौथीत, नव्या बाईंमुळे. २०१९ साली बालभारतीचं दुसरीचं गणिताचं पुस्तक बदललं आणि त्यात त्रेसष्टबरोबर 'साठ तीन' असंही वाचायची सोय आली. वर्तमानपत्रांत, चॅनेलवर त्यावर केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे कारण समजावून सांगत होत्या आणि लोक मराठी बुडाली म्हणत होते. आमच्या बाईंनी चौथीच्या वर्गात ते दुसरीचं पुस्तक आणलं, माझ्या मुलाला शेजारी बसवलं आणि म्हणाल्या, "तू साठ तीन म्हण. त्रेसष्ट मी म्हणते." दिवाळीच्या सुट्टीआधी तो शंभरपर्यंत न चुकता लिहीत होता. विज्ञानाची, परिसर अभ्यासाची उत्तरं त्याच्याकडून त्या तोंडी घ्यायच्या. तेव्हा कुठे सगळ्यांना कळलं की त्याला सगळं येत होतं.

म्हणून हा धागा. विशेष गरजा असलेल्या मुलांबद्दल बोलताना आपण लगेच त्यांच्या जिद्दीबद्दल बोलायला लागतो. मुलं जिद्दी आहेतच. मला हवंय ते दुसरं. वर्गात, शाळेत, शिकवण्यात कोणती गोष्ट हलली आणि मग मूल शिकायला लागलं? नेमकं लिहा, अगदी बारीकसारीक असलं तरी. माणसांची, शाळांची नावं नकोत.

*

जिल्हा परिषद शाळेतला शिक्षक

माझी चूक आधी लिहितो.

पट २३, शिक्षक दोन. पहिली-दुसरी माझ्याकडे. एक मुलगी आली, केस पांढरे, पापण्या पांढऱ्या, कातडी गुलाबी. जन्मतः रंगद्रव्य नसतं, त्याला आपण कोड समजतो, ते कोड नव्हे. तिचे डोळे सतत डावी-उजवीकडे हलायचे. पुस्तक नाकाला लावायची, मान वाकडी करून फळ्याकडे बघायची. मी चार महिने तिला "मान सरळ, पुस्तक लांब" एवढंच सांगत होतो. प्रकाश चांगला म्हणून खिडकीजवळ बसवलं होतं.

आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, विशेष शिक्षिका आल्या. अर्धा तास फक्त तिला बघत बसल्या. मग मला बाहेर बोलावून सांगितलं, सर, खिडकी तिची शत्रू आहे, उजेड पाठीमागून येऊ द्या. पुस्तक नाकाला लावलं म्हणून डोळे बिघडत नाहीत, लावू द्या. आणि मान वाकडी करते, कारण त्या कोनात तिचे डोळे सगळ्यांत कमी हलतात. तिला तसंच स्पष्ट दिसतं. मान सरळ करू नका, जागा बदला.

जागा बदलली. वर्गाच्या अशा बाजूला बसवलं की तिची वाकडी मान आपोआप फळ्यासमोर येते. उठून फळ्यापर्यंत जायची कायमची परवानगी दिली. मोबाइलवर फळ्याचा फोटो काढून तिच्या हातात द्यायला लागलो, ती बोटांनी मोठा करून उतरवून घेते. मैदानावर टोपी. मोठ्या अक्षरांची पुस्तकं यायला दिवाळी उलटली, तोवर तालुक्याला जाऊन पानं मोठी झेरॉक्स करून आणायचो.

खर्च म्हणाल तर झेरॉक्सचा. मी तिला मंद समजलो होतो. शेजारच्या वर्गातल्या बाईंनाही तसंच सांगितलं होतं. ती तिसरीत गेल्यावर मी पुन्हा त्याच बाईंकडे गेलो आणि माझं आधीचं म्हणणं मागे घेतलं. हे करायला फार जड गेलं, पण केलं नसतं तर तिची आणखी दोन वर्षं गेली असती.

*

सहा टिंबं

मी पूर्ण अंध. सातवीपर्यंत अंधांच्या निवासी शाळेत, आठवीपासून गावच्या साध्या शाळेत. आता बँकेत आहे.

निवासी शाळेने मला ब्रेल दिली, आणि ब्रेल म्हणजे माझ्यासाठी सगळंच. डोळसांना हे माहीत नसतं म्हणून लिहितो. पाटीवर आम्ही उजवीकडून डावीकडे टोचत जातो आणि कागद उलटा करून डावीकडून उजवीकडे वाचतो. म्हणजे प्रत्येक अक्षर लिहिताना आरशातलं लिहायचं. सहा टिंबांत मराठी, इंग्रजी, हिंदी सगळं बसतं. गणिताला टेलर फ्रेम, खाचांत खिळे फिरवून आकडे मांडायचे.

साध्या शाळेत पहिल्याच दिवशी टोचायचा टकटक आवाज सुरू झाला आणि वर्ग हसला. बाईंनी सांगितलं, "तू नुसता ऐक." पुढचे पाच महिने नुसता ऐकत होतो. लिहिल्याशिवाय शिकायचं कसं, हे मी तेव्हा विचारू शकलो नाही.

गणिताच्या सरांनी दोन गोष्टी केल्या. माझ्या पाटीखाली जुन्या सतरंजीचा तुकडा घातला, आवाज निम्म्यावर आला. आणि ते फळ्यावर लिहिताना बोलायला लागले. आधी ते म्हणायचे, "हे इकडे नेलं की याचं चिन्ह बदललं, हे उत्तर." नंतर म्हणायला लागले, "अधिक पाच उजवीकडे नेले, उणे पाच झाले." एवढाच बदल. वर्गातल्या इतर मुलांनी मला नंतर सांगितलं की त्यांनाही त्याच वर्षी बीजगणित कळायला लागलं.

भूमितीला पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून आकृत्या केल्या. वर्तुळासाठी बांगडी. स्पर्शिका म्हणजे बांगडीला एकाच ठिकाणी टेकलेली झाडूची काडी, हे मी अजूनही बोटांनी आठवतो. त्या काळी अंध मुलाने गणित सोडायचं हेच सगळे गृहीत धरायचे, आणि माझे निवासी शाळेतले बहुतेक मित्र गणित सोडूनच दहावी झाले. त्यांच्यातले दोघे माझ्यापेक्षा हुशार होते. स्पर्धा परीक्षांना बसताना त्यांची जी दमछाक झाली ती मी पाहिली आहे.

दहावीला लेखनिक लागतो, आणि तो खालच्या वर्गातलाच असावा लागतो. नववीतली मुलगी मिळाली. तिने 'समांतरभुज' शब्द कधी लिहिला नव्हता. मी अक्षर अक्षर सांगत होतो. तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, ती तिथेच गेली. सरावासाठी आम्हाला आधी एकदाही एकत्र बसवलं नव्हतं. कुणी शाळेत असाल तर एवढं करा, लेखनिक आणि विद्यार्थी यांच्या निदान चार बैठका परीक्षेआधी घडवून आणा.

*

एकेकाळची लेखनिक

वरचं वाचून राहवलं नाही. मी ती मुलगी नाही, पण मीही नववीत लेखनिक होते, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात, असलेल्या एका दादासाठी. त्याचं बोलणं मला पहिल्या पेपरला जेमतेम निम्मं कळत होतं. तो चिडत नव्हता, थांबून पुन्हा सांगायचा. भूगोलाच्या पेपरात मला एक उत्तर चुकीचं वाटत होतं, मी लेखणी थांबवली. तो म्हणाला, "मी सांगतो तेच लिही." तो चुकला असता तरी ती चूक त्याचीच असायला हवी होती, हे मला तेव्हा कळलं. मी आज विशेष शिक्षिका आहे. पाहुणे म्हणून कौतुक करायला येणाऱ्यांना मी हा प्रसंग सांगते.

*

कर्णबधिर भावाची बहीण

भाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याने मला सांगितलंय, मी लिहिते आहे.

त्याच्या शाळेत खुणा करायला बंदी होती. बोलायला शिकवणं हेच शिक्षण. खुणा केल्या की मुलं बोलणार नाहीत, असा तेव्हा सार्वत्रिक समज होता. हात बाकाखाली ठेवायचे आणि बाईंच्या ओठांकडे बघायचं. आता प, ब आणि म म्हणताना आरशात स्वतःचे ओठ बघा. तिन्ही सारखेच. 'पाट', 'बाट', 'माट' ओळखून दाखवा. सर फळ्याकडे तोंड करून बोलले की तेवढा वेळ वर्ग बंद. मिशीवाले सर म्हणजे अख्खा विषयच बंद.

'मासा' हा शब्द म्हणता यावा म्हणून भावाने एक वर्ष घालवलं. त्या वर्षात मासा पाण्यात श्वास कसा घेतो हे त्याला कुणी सांगितलं नाही. हे वाक्य त्याचं आहे, मी फक्त उतरवलं.

खुणांची भाषा तो वसतिगृहात शिकला, मोठ्या मुलांकडून, दिवे जायच्या आधीच्या तासाभरात. आणि नववीत एक शिक्षक आले, ते स्वतः कर्णबधिर. त्यांनी पहिल्या दिवशी आग्र्याहून सुटका हातांनी सांगितली. पेटारे, पहारेकरी, सगळं. भाऊ म्हणतो, "मला इतिहास म्हणजे सनावळी वाटायची. त्या दिवशी कळलं, ही गोष्ट आहे." चौदाव्या वर्षी! आमच्या घरी मी ती गोष्ट तिसऱ्या वर्षीच आजीकडून ऐकली होती, आणि तोही तिथेच बसलेला असायचा.

मी आणि आई खुणा शिकलो तेव्हा तो विशीत होता. बाबा अजून शिकलेले नाहीत. लहान मूल असेल त्या आईवडिलांना सांगणं एवढंच, श्रवणयंत्र लावा, कॉक्लिअर इम्प्लांट होत असेल तर करा, वाचाउपचार करा, पण खुणा थांबवू नका. आता भारतीय सांकेतिक भाषेचा शब्दकोश आहे, डिसेंबर २०२४ पासून पीएम ई-विद्या या सरकारी शैक्षणिक वाहिन्यांतला ३१ क्रमांकाचा चॅनेल याच भाषेसाठी आहे. भाऊ तो चॅनेल बघतो. त्याचं वय एकेचाळीस. शाळेचे धडे बघतो.

*

निवृत्त मुख्याध्यापक

रॅम्पबद्दल. उंची एक फूट असेल तर उताराची लांबी बारा फूट हवी. आमच्या शाळेचं जोतं दीड फूट, म्हणजे अठरा फूट लांबी. ठेकेदाराने पाच फुटांत आटोपलं होतं. यूडायसच्या, म्हणजे शाळांकडून सरकार मागवतं त्या, माहितीत मी स्वतः 'रॅम्प : आहे' असं भरत होतो. चाकाच्या खुर्चीवरचा मुलगा पाचवीत आला तेव्हा त्याला दोन जण वर ढकलायचे आणि उतरताना चौघं धरायचे. गावाने श्रमदान करून अठरा फुटांचा नवा बांधला, दोन्ही बाजूंना कठडा. मग लक्षात आलं की स्वच्छतागृहाच्या दारातून खुर्ची आत जात नाही. तो मुलगा शाळेत पाणीच पीत नव्हता, घरी जाईपर्यंत. हे मला त्याच्या आईने सांगितलं, दुसऱ्या वर्षी.

*

स्वमग्न मुलाची आई, पिंपरी-चिंचवड

तीन शाळांनी "तुम्ही याच्यासाठी दुसरी चांगली शाळा बघा" असं गोड शब्दांत सांगितलं. चौथ्या शाळेत टिकलो.

घंटा हा आमचा मोठा प्रश्न. तास संपल्याची घंटा झाली की तो कान दाबून बाकाखाली जायचा आणि पुढचा तास तिथेच. शिपाईमामांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी आपणहून बघितलं आणि घंटा द्यायच्या आधी खिडकीशी येऊन हात वर करायला लागले. हात दिसला की माझा मुलगा कान झाकून घेतो, घंटा होते, कान सोडतो, वही काढतो. रोज आठ वेळा. मामांची बदली होईपर्यंत चार वर्षं.

बाईंनी तासांची चित्रं करून त्याच्या बाकावर चिकटवली. रिकाम्या तासाचंसुद्धा चित्र, कारण 'काहीही करा' हे त्याला सगळ्यांत अवघड. तास बदलला तर आधी चित्र बदलायचं, मग वर्गात सांगायचं. एका पावसाळी दिवशी पी.टी. रद्द झाली, बाई चित्र बदलायला विसरल्या, आणि वर्गातल्या एका मुलीने उठून ते उलटं केलं. कुणी न सांगता.

खर्चाचंही लिहिते. सोबत बसणाऱ्या मदतनीस ताई आम्ही स्वतः पगार देऊन ठेवल्या, दोन वर्षं. पुढे झेपलं नाही. कायदा मोफत शिक्षण म्हणतो, मदतनीसाचा पगार मात्र घरातून जातो. ज्यांना दोन महिनेही झेपणार नाही त्यांच्या मुलांचं काय होतं, हे मला रोज वाटत राहतं.

*

फिरती विशेष शिक्षिका, मराठवाडा

वरच्या गुरुजींच्या वर्गात अर्धा तास बसलेल्या बाई मी नव्हे, पण त्या अर्ध्या तासाची किंमत मला माहीत आहे. एका खेपेला पाच शाळा आणि दोन घरं करायची असतात, तेव्हा अर्धा तास नुसतं बघत बसणं परवडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला दहा मुलांमागे आणि वरच्या वर्गांना पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण घालून दिलं. २०२४ मध्ये राज्याने केंद्रनिहाय ४,८६० पदं मंजूर केली. मी पंधरा वर्षांहून जास्त काळ कंत्राटी आहे. माझ्या यादीत आज पन्नासच्या वर मुलं आहेत.

एका घराची गोष्ट. आठ वर्षांचा मुलगा, मेंदूचा पक्षाघात, बसता येत नाही, म्हणून 'गृहाधारित शिक्षण'. आठवड्यातून एकदा मी जायची. तो गोधडीवर आडवा. आडव्या मुलाला जग म्हणजे पत्र्याचं छत. मी गावच्या सुताराला कोपऱ्याच्या आकाराची खुर्ची सांगितली, पाठ दोन्ही बाजूंनी टेकणारी, मधे पाय फाकवून ठेवायला लाकडी ठोकळा, समोर फळी. दोन चकरा झाल्या, मापं चुकली, पुन्हा केली. बसवलं त्या दिवशी त्याने पहिल्यांदा स्वतःचे दोन्ही हात एकदम पाहिले. महिनाभरात फळीवरचे ठोकळे ढकलायला लागला, 'हो'साठी वर आणि 'नाही'साठी खाली बघायला लागला. मग मी मुख्याध्यापकांना म्हटलं, बसता येतं, आता शाळेत आणू. आणला. पाचवीच्या मुलांनी त्याची खुर्ची उचलून न्यायची पाळी लावून घेतली.

दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेले. घरात म्हातारी एकटी, तिला तो उचलवत नाही, म्हणून त्यालाही घेऊन गेले. खुर्ची ट्रॅक्टरमध्ये मावली नाही. एप्रिलमध्ये परत आला तेव्हा पाय आखडले होते आणि खुर्चीत बसवताना रडत होता. पुन्हा सुरुवात केली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी मी मुकादमाला भेटून खुर्ची ट्रॅक्टरवर चढवली. कोपीच्या, म्हणजे ऊसतोडीच्या ठिकाणच्या झोपडीच्या, बाहेर ती ठेवतात, असं आईने फोनवर सांगितलं, पण तो तिच्यात बसतो.

एक ठाम मत लिहिते, कुणाला राग आला तरी. गृहाधारित शिक्षण कायद्याने ठेवलं ते तीव्र किंवा एकाहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला हवं तर निवडता यावं म्हणून. माझ्या यादीतल्या बऱ्याच मुलांना ते फक्त शाळेला नको म्हणून मिळालं आहे.

*

न्यू जर्सीहून एक बाबा

इकडे सोयी खूप आहेत, प्रत्येक मुलाची वेगळी शैक्षणिक योजना लेखी होते, पालकांच्या सहीशिवाय पहिल्यांदा लागू होत नाही. ते चांगलंच आहे. पण मुलगा अडीच वर्षांचा असताना "घरी एकच भाषा बोला, इंग्रजी" असा सल्ला मिळाला आणि आम्ही घाबरून मराठी थांबवली. आता इथले तज्ज्ञच सांगतात की दोन भाषांनी स्वमग्न मुलाचं नुकसान होत नाही. दरम्यान सहा वर्षं आजी त्याच्याशी काही बोलू शकली नाही. आता रोज दहा मिनिटं व्हिडिओवर ती त्याला ताटातले पदार्थ दाखवून नावं सांगते. भात, वरण, लिंबू. 'लिंबू' म्हणताना तो तोंड आंबट करतो. कुठेही असा, डॉक्टर काहीही म्हणोत, आपली भाषा सोडू नका.

*

बावीस वर्षांच्या मुलीची आई

माझ्या लेकीला बौद्धिक अक्षमता आहे. विशेष शाळेत आठ वर्षं ती एक ते शंभर लिहीत होती. सुंदर लिहायची. पाच रुपये दिले तर किती परत येतील हे तिला कळत नव्हतं, पण वह्या भरलेल्या होत्या आणि मीही त्या पाहुण्यांना दाखवायचे.

मग नव्या ताई आल्या. त्यांनी वही उघडायच्या आधी मला विचारलं, "घरी दिवसभर काय करते? काय करायला आवडतं? कुठे अडतं?" आठ वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी लिहिणं थांबवलं, मला धक्काच बसला. त्याऐवजी दहा, वीस, पन्नासची नोट रंगाने ओळखणं. बसच्या पाटीवरचा आमचा आकडा ओळखणं, फक्त तेवढाच. गॅसची कळ बंद आहे का ते हात लावून बघणं. आणि कुणी नको तिथे हात लावला तर मोठ्याने "नको!" ओरडणं. हे त्यांनी सहा महिने शिकवलं, मीही शिकले. पुढे जय वकील संस्थेने केलेला 'दिशा' अभ्यासक्रम राज्यातल्या विशेष शाळांत आला, त्यातही प्रत्येक मुलाची आधी पाहणी आणि मग त्याची उद्दिष्टं, हीच रीत दिसली.

मोफत शिक्षणाचा हक्क अठराव्या वर्षी संपतो. त्या वाढदिवसाला मी केक आणला आणि रात्रभर जागी होते. आता ती कार्यशाळेत चिवड्याची पाकिटं भरते. तराजूच्या काट्यावर लाल पट्टी लावली आहे, काटा पट्टीवर आला की थांबायचं. तिच्या पाकिटांचं वजन चुकत नाही. पगाराच्या दिवशी ती भावासाठी वीस रुपयांचा वडापाव आणते आणि उरलेले पैसे मोजून माझ्या हातात देते.

*

धागा काढणारी

सगळं दोनदा वाचलं. लेखनिकाबद्दलचं तर तीनदा.

माझा मुलगा यंदा दहावीला आहे. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले आणि त्यात अध्ययन अक्षमता आली, वाचनअक्षमता त्यातलीच. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांना माफी या सवलती आम्हाला मिळतात. अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे गेला आहे. लेखनिक अजून ठरलेला नाही. शाळेने "परीक्षेआधी बघू" म्हटलं होतं. 'सहा टिंबं' यांचं वाचल्यावर मी आज सकाळी पुन्हा गेले आणि आत्ताच हवा, असं सांगून आले.

नाशिकमध्ये कुणाचं मूल नववीत आहे का? मराठी माध्यम, अक्षर बरं असलं की पुरे, वेगाची घाई नाही. रविवारी सकाळी आमच्याकडे बसता येईल, चार तरी बैठका. आकडे सांगताना हा 'साठ तीन' म्हणतो, तेवढं तुमच्या मुलाला आधी सांगून ठेवा.